इन्सुलिन: पेशीत, वाळूजला आणि आजीच्या फ्रीजमध्ये

(या भागाचं हे शब्दांकन. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' काढले आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

मी मूळचा पहूरचा. जळगाव जिल्हा, जामनेर तालुका, वाघूर नदीचा काठ. जळगावकडून अजिंठ्याची लेणी बघायला गेला असाल, तर आमच्या गावातूनच पुढे गेलात. आता नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरची. पण आज कोडबद्दल बोलायचं नाहीये. आज एका बाटलीबद्दल बोलायचंय. तीही माझ्याच चुकीमुळे.

माझ्या आजीला डायबिटीस आहे, बऱ्याच वर्षांपासून. आधी गोळ्या होत्या, मग डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. मे महिन्यात आमच्याकडे काय ऊन असतं ते तुम्हाला माहीत आहे. त्यात लाईट कधी जाईल याचा नेम नाही. मी पुण्यातून फोनवर मोठ्या शहाणपणाने सांगितलं, "आई, इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेव. अगदी थंड जागी ठेव." आईने ऐकलं. आमचा फ्रीज एका दाराचा. सगळ्यात थंड जागा कुठली? वर, बर्फाच्या कप्प्याला चिकटून.

पुढचे आठ-दहा दिवस आजीची शुगर उतरेचना. पथ्य तेच, डोस तोच, तरी मीटरवर तीनशेच्या वर. आजी म्हणाली, "आता औषधही लागू पडत नाही मला." घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी डोस वाढवायच्या आधी एकच प्रश्न विचारला, "बाटली कुठे ठेवता?" बाटली आणून बघितली. हातात कितीही फिरवली तरी पांढऱ्या गुठळ्या तशाच. काचेला आतून कण चिकटलेले. इन्सुलिन गोठून गेलं होतं. नवी बाटली आणली, दारातल्या कप्प्यात ठेवली, आणि शुगर खाली आली.

मला प्रश्न पडला. पाणी गोठलं तर वितळून परत पाणीच होतं. मग इन्सुलिन का बिघडलं? त्याचं उत्तर शोधता शोधता इन्सुलिन बनतं कसं, हे सगळं वाचून काढलं. तेच आज सांगतो. आधीच सांगून ठेवतो, मी इंजिनियर आहे, डॉक्टर नाही. डोसबद्दल काही विचारायचं असेल तर तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

पोटामागचा कारखाना

आपल्या जठराच्या मागे स्वादुपिंड असतं. वजन साधारण शंभर ग्रॅम. त्याचं बहुतेक काम अन्न पचवणारे रस तयार करण्याचं. पण त्यात पेशींची छोटी छोटी बेटं विखुरलेली असतात, अंदाजे दहा लाख. जर्मनीतल्या पाउल लँगरहान्स नावाच्या विद्यार्थ्याने १८६९ साली ती सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहिली. ती कशासाठी आहेत, हे त्यालाही कळलं नव्हतं. सगळी बेटं एकत्र केली तरी स्वादुपिंडाच्या एक-दोन टक्केच भरतात. याच बेटांवरच्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात.

इन्सुलिन हे प्रथिन आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. कुठला मणी कुठे ओवायचा याची कृती डीएनएमध्ये लिहिलेली असते. इन्सुलिनची कृती आपल्या अकराव्या गुणसूत्रावर आहे. मूळ डीएनए पेशीच्या केंद्रकातून बाहेर येत नाही. त्याची नक्कल निघते, आरएनएची. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनच्या सर्व्हरला हात न लावता कॉपीवर काम. त्या नकलेवरून रायबोसोम नावाचं यंत्र एकेक मणी ओवत जातं.

आता गंमत बघा. तयार इन्सुलिनमध्ये ५१ मणी असतात. पण ओवली जाणारी माळ ११० मण्यांची असते. मग जास्तीचे ५९ कशाला?

पहिले २४ मणी म्हणजे पत्त्याची चिठ्ठी. ही माळ पेशीच्या कुठल्या कप्प्यात न्यायची, ते त्यावर लिहिलेलं. माळ त्या कप्प्यात शिरली की चिठ्ठी कापून टाकली जाते. उरले ८६. याला प्रोइन्सुलिन म्हणतात.

मग माळेची घडी पडते. माळेतल्या काही मण्यांमध्ये गंधक असतं. गंधकाला गंधक जोडून तीन पूल बांधले जातात. कुठलाही मणी कुठल्याही मण्याशी जोडून चालत नाही, ठरलेल्या जोड्याच जमायला हव्यात. घडी चुकली तर मणी सगळे बरोबर असूनही ते इन्सुलिन नाही.

घडी पडली की मधला तुकडा कापून काढला जातो. इथे आमच्या भागातलं उदाहरण देतो. शेतातून कापूस येतो तो सरकीसकट. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, रुई वेगळी होते. पण सरकी होती म्हणून तर बोंडात रुई त्या आकारात वाढली. तसाच हा मधला तुकडा. त्याचं नाव सी-पेप्टाइड. त्याच्यामुळे माळेची दोन टोकं बरोबर समोरासमोर येतात, पूल बांधले जातात, आणि मग तो निघून जातो. मागे उरतात दोन साखळ्या, २१ मण्यांची 'ए' आणि ३० मण्यांची 'बी', गंधकाच्या पुलांनी एकमेकींना धरून ठेवलेल्या. हेच इन्सुलिन.

आणि सरकीसारखंच सी-पेप्टाइडही वाया जात नाही. एक इन्सुलिन बनलं की एक सी-पेप्टाइड रक्तात सुटतं. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं. त्यामुळे पेशंट इन्सुलिन घेत असला, तरी त्याचं स्वतःचं स्वादुपिंड अजून किती काम करतंय हे रक्तातल्या सी-पेप्टाइडवरून डॉक्टरांना कळतं.

बटण कोण दाबतं?

तयार झालेलं इन्सुलिन लगेच रक्तात जात नाही. जस्ताच्या मदतीने सहा-सहा रेणू एकत्र बसतात आणि बारीक पिशव्यांमध्ये साठवले जातात. गोदामात माल तयार, फक्त ऑर्डरची वाट.

आता समजा तुम्ही लग्नाच्या पंगतीत वरण-बट्टी खाल्ली. बट्टीचं ग्लुकोज झालं, रक्तात आलं. रक्तात जितकं जास्त ग्लुकोज, तितकं जास्त बीटा पेशीत शिरतं. पेशी ते जाळते, ऊर्जा तयार होते. ऊर्जा वाढली की पेशीच्या भिंतीवरची पोटॅशियमची दारं बंद होतात. त्यामुळे भिंतीवरचा विजेचा दाब बदलतो आणि कॅल्शियमची दारं उघडतात. कॅल्शियम आत आलं की पिशव्या भिंतीला जाऊन मिळतात आणि इन्सुलिन रक्तात सांडतं. कुणी हुकूम देत नाही. बीटा पेशी हीच सेन्सर आणि ग्लुकोज हाच सिग्नल.

रक्तात आलेलं इन्सुलिन स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींना सांगतं, दारं उघडा, साखर आत घ्या. यकृताला सांगतं, तू आता साखर सोडू नकोस. आणि काही मिनिटांतच ते मोडून टाकलं जातं. म्हणून शरीर दर मिनिटाला डोस बदलू शकतं. आपली सुई ते करू शकत नाही, हे लक्षात ठेवा.

टाइप १ डायबिटीसमध्ये शरीराची संरक्षक यंत्रणाच बीटा पेशी मारून टाकते. बऱ्याचदा लहान मुलांमध्ये होतं हे. तिथे इन्सुलिनला दुसरा पर्याय नाही, बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. टाइप २ मध्ये आधी पेशी इन्सुलिनचं ऐकेनाशा होतात, मग स्वादुपिंड जास्त जास्त बनवतं, आणि वर्षानुवर्षांनी थकतं. आजीचं तेच झालं. गावात म्हणतात ना, "इन्सुलिनची सवय लागते, एकदा घेतलं की सुटत नाही." सवय लागत नाही, मंडळी. घरातली विहीर आटली म्हणून टँकर आला. टँकरमुळे विहीर आटली असं कुणी म्हणतं का?

दोन टन आणि आठ औंस

१९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या टोरोंटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून एक अर्क काढला, ज्याने साखर उतरत होती. ११ जानेवारी १९२२ रोजी १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला त्यांचा अर्क टोचला. फारसा उपयोग झाला नाही. अर्क अशुद्ध होता, जिथे टोचलं तिथे गळू झालं. मग जेम्स कॉलिप या जीवरसायनशास्त्रज्ञाने रात्रंदिवस बसून तो शुद्ध केला. २३ जानेवारीला परत टोचला आणि साखर उतरली. मरणाच्या दारातला तो मुलगा पुढे तेरा वर्षं जगला. औषध तेच, फरक शुद्धतेचा. शोधकर्त्यांनी पेटंटचे हक्क विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले.

पुढची साठ वर्षं जगभरातलं इन्सुलिन कत्तलखान्यातून येत होतं, डुकराच्या आणि गाई-बैलांच्या स्वादुपिंडातून. आठ औंस, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम शुद्ध इन्सुलिनसाठी सुमारे दोन टन अवयव लागायचे. डुकराचं इन्सुलिन आपल्यापेक्षा एकाच मण्याने वेगळं आहे, गाईचं तीन मण्यांनी. काम चालायचं, पण काहींना ॲलर्जी व्हायची. आणि आपल्या देशात डुक्कर किंवा गाय म्हटल्यावर घरात काय चर्चा होत असेल, ते सांगायला नको.

मधल्या काळात इंग्लंडच्या फ्रेडरिक सँगरने इन्सुलिनचे ५१ मणी क्रमाने वाचून काढले. १९५५ पर्यंत काम पूर्ण, १९५८ साली नोबेल. कृती वाचता आली, म्हणजे ती लिहिताही येणार. १९७८ साली अमेरिकेत जेनेनटेक कंपनी आणि सिटी ऑफ होप या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या इन्सुलिनचं जनुक प्रयोगशाळेत तयार केलं आणि ई. कोलाय या जिवाणूत घातलं. 'ए' साखळी एका जिवाणूत, 'बी' दुसऱ्यात, नंतर दोन्ही जोडल्या. १९८२ साली ते औषध म्हणून बाजारात आलं, एली लिलीचं ह्युम्युलिन. जनुकं जोडण्याच्या तंत्रावर बनलेलं जगातलं पहिलं मान्यताप्राप्त औषध.

घाट चढून गेलं की वाळूज

आता हे सगळं परदेशात झालं असं वाटत असेल तर थांबा. पहूरहून निघा. वाकोद, फर्दापूर, अजिंठ्याचा घाट, सिल्लोड, फुलंब्री. शंभर-सव्वाशे किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचं औरंगाबाद. शहराच्या पलीकडे वाळूज एमआयडीसी. तिथे वॉखार्ट कंपनीचं बायोटेक पार्क आहे. माणसाचं इन्सुलिन जनुकतंत्राने बनवणारी पहिली भारतीय कंपनी हीच. २००३ साली त्यांनी वोसुलिन बाजारात आणलं. पुढच्याच वर्षी बंगळुरूच्या बायोकॉनने इन्सुजेन आणलं.

मी शाळेत होतो तेव्हा अजिंठ्याच्या सहलीला त्याच रस्त्याने गेलोय. पुढे त्याच रस्त्यावर असं काही चाललंय, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

वोसुलिनसाठी जिवाणू न वापरता यीस्ट वापरलं गेलं. यीस्ट म्हणजे पाव फुगवतो त्याची चुलत बहीण, नाव हॅन्सेन्युला पॉलिमॉर्फा. यीस्टच का? इथे परत घडीचा प्रश्न येतो. ई. कोलायला माळ ओवता येते, पण गंधकाचे पूल नीट बांधता येत नाहीत. त्याच्या आत प्रथिनाचा गोळा होतो. तो बाहेर काढून, विरघळवून, कारखान्यात परत घडी घालावी लागते. यीस्ट आपल्या पेशींच्या जास्त जवळचं आहे. ते माळ ओवतं, घडीही घालतं आणि माल बाहेर सोडूनही देतं.

सर्वसाधारणपणे यीस्टची पद्धत अशी असते. जनुक घातलेल्या यीस्टचा एक छोटा साठा अतिथंड जागी जपून ठेवतात. त्यातली एक कुपी काढून आधी फ्लास्कमध्ये वाढवतात, मग लहान टाकीत, मग मोठ्या स्टीलच्या टाकीत. दही लावताना विरजण लागतं, तसं. तापमान, हवा, आम्लता, खाद्य, सगळं सेन्सरवर. काही दिवसांनी यीस्ट वेगळं करतात आणि वरचं पाणी घेतात. त्यात इन्सुलिनची कच्ची माळ असते, छोट्याशा मधल्या तुकड्यासह. एन्झाइमने तो तुकडा कापतात. म्हणजे जिनिंग इथेही आहेच. मग एकामागून एक गाळणस्तंभांतून शुद्धीकरण. एक मणी चुकलेला, एक पूल चुकलेला रेणूसुद्धा वेगळा काढायचा. शेवटी जस्ताबरोबर स्फटिक करतात, पेशीतल्या पिशवीसारखेच.

आजीने इन्सुलिन सुरू करताना विचारलं होतं, "हे कशापासून करतात रे? प्राण्याचं नाही ना?" मी सांगितलं, "आजी, आता सहसा प्राण्यातून काढत नाहीत, यीस्टपासून किंवा जिवाणूपासून बनवतात." पण अर्धंच खरं सांगायला नको म्हणून पुढचंही सांगितलं. तिचं इन्सुलिन दुधाळ रंगाचं, मिश्र आहे. ते हळूहळू काम करावं म्हणून त्यात प्रोटामिन घालतात, आणि ते माशांपासून मिळतं. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "औषधाला औषध म्हणावं, बाबा." आणि दंड पुढे केला.

बाटलीत आहे तरी किती?

१० मिलीच्या साध्या बाटलीत, ४० युनिटच्या, एकूण ४०० युनिट असतात. वजनात मोजलं तर सुमारे १४ मिलिग्रॅम इन्सुलिन. बाकी सगळं पाणी, थोडं ग्लिसरीन, जस्त, आणि जंतू होऊ नयेत म्हणून घातलेलं औषध. तो दवाखान्यासारखा वास त्याचाच. म्हणजे चिमटीत मावेल इतकं प्रथिन, आणि त्यात एक माणूस काही आठवडे जगतो.

या १४ मिलिग्रॅमची सगळी किंमत त्याच्या घडीत आहे. गोळी करून खाल्लं तर पोट त्याला डाळीतल्या प्रथिनासारखं पचवून टाकतं, म्हणून सुई. जास्त तापलं तर घडी उसवत जाते. आणि दुधाळ इन्सुलिन गोठलं तर त्यातले कण एकमेकांना चिकटतात. वितळल्यावर ते परत सुटे होत नाहीत. फाटलेलं दूध कितीही ढवळलं तरी परत दूध होतं का? मग सिरिंजमध्ये कधी गुठळी येते, कधी नुसतं पाणी. आजीला आम्ही रोज मोजून डोस देत होतो आणि आत काय जातंय ते आम्हालाच माहीत नव्हतं.

मला सगळ्यात जास्त याचंच वाईट वाटलं. पेशीत, वाळूजला, इतकी काळजी घेऊन जी घडी घातली जाते, ती मी एका फोनवर मोडली.

घरी काय करायचं

न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये, २ ते ८ अंश. बर्फाच्या कप्प्यापासून लांब, दारात किंवा खालच्या भागात. वापरात असलेली बाटली ३० अंशांच्या आत बाहेर ठेवली तरी चालते, साधारण चार आठवडे. नक्की किती दिवस ते पाकिटावर लिहिलेलं असतं. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहा.

फ्रीज नसेल किंवा लाईट जात असेल तर मातीचा माठ. एक मोठं मातीचं भांडं, त्यात ओली वाळू, त्यात छोटं भांडं, आणि त्यात कोरड्या डब्यात बाटली. वरून ओलं फडकं. पाणी उडतं तेव्हा उष्णता घेऊन जातं. आमच्या मे महिन्याची हवा कोरडी असते, त्यामुळे माठ उत्तम गार पडतो. पावसाळ्यात हवा दमट, तेव्हा कमी पडतो, पण तेव्हा ऊनही कमी. गाडीच्या डिकीत, खिडकीत, गॅसजवळ मात्र ठेवू नका.

बाटली बघायची सवय लावा. साधं इन्सुलिन पाण्यासारखं स्वच्छ हवं. दुधाळ असेल तर तळहातांमध्ये हलकेच फिरवल्यावर एकसारखं दूध दिसायला हवं. गुठळ्या, काचेला चिकटलेले कण, रंग बदललेला दिसला तर टाकून द्या. पैसे गेल्याचं वाईट वाटतं, मला कळतं. पण बिघडलेल्या इन्सुलिनचा डोस वाढवत बसणं त्याहून महाग पडतं. मानवी इन्सुलिन सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्याच्या किमतीवर मर्यादा आहे. मेडिकलमध्ये नाव घेऊन विचारा.

आणि एक गोष्ट, कृपया नीट ऐका. आपल्याकडे बाटली बहुधा ४० युनिट प्रति मिली असते आणि पेनचं इन्सुलिन १००. बाटलीची सिरिंज लाल टोपीची, ४० ची. नारिंगी टोपीची १०० ची. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर २० ऐवजी ५० युनिट जातात. शुगर इतकी खाली जाऊ शकते की माणूस बेशुद्ध पडेल. उलट केलं तर २० ऐवजी ८ च जातात. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच हवा. प्रत्येक वेळी बघा.

आता या सुट्टीत गावाला गेलो, तेव्हा आजीच्या फ्रीजच्या दारावर मी एक कागद चिकटवला. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "इन्सुलिन इथे, वर नाही." आजी म्हणाली, "एवढं शिकलास आणि एवढंच लिहिलंस?"

हो आजी, एवढंच.

तुमच्या घरी, शेजारी कुणी इन्सुलिन घेत असेल, तर आज जाऊन एकदा त्यांची बाटली कुठे ठेवलीय ते बघा. हा भाग त्यांना ऐकवा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, स्वतःची आणि घरच्या बाटलीची.